सहा घरं, एक स्कूटर, दोन सायकली: सांगलीत सामायिक गाडी कशी चालवायची

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या सांगलीकराला भाड्याच्या सायकलींचं दुकान नक्की आठवत असेल. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, दारात लोखंडी टेबल, त्यावर सुतळीनं बांधलेलं पेन आणि लांबोडी वही. वहीत नंबर, नाव, वेळ. सायकल परत नेली की मालक घड्याळाकडं नंतर बघायचा, आधी वाकून मागच्या टायरवर अंगठा दाबायचा. डबलसीट हाणली असेल तर त्याला तिथंच कळायचं.

पुण्यात २०१७च्या अखेरीस अ‍ॅपवर उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. कुठूनही घ्या, कुठंही सोडा. दोन-तीन वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या. काहींची मोडतोड झाली, काही चोरीला गेल्या. कुलूप मोबाईलवर उघडत होतं, पण टायरवर अंगठा दाबणारं कुणी नव्हतं.

आमच्या शामरावनगरातल्या अपार्टमेंटमध्ये सहा घरांनी मिळून एक इलेक्ट्रिक स्कूटर आणि दोन सायकली घेतल्या, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. सांगली सपाट आहे. चढ म्हणजे काय, तर नदीवरचा नाहीतर रेल्वेवरचा पूल. साताऱ्यात यवतेश्वराच्या पायथ्याशी राहणाऱ्यानं सायकलींचा भाग सोडून पुढं वाचलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी आम्ही काय केलं, कुठं चुकलो आणि पुन्हा करायचं झालं तर कसं करू, ते क्रमानं सांगतो.

आधी वही, मग गाडी

शोरूमला जायच्या आधी पंधरा दिवस प्रत्येक घरानं आपल्या फेऱ्या लिहून काढायच्या. कुठं गेलो, किती वाजता निघालो, किती वाजता परत आलो. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: गाडी तिथं किती वेळ नुसती उभी होती.

आमच्या वहीत दोन जातीच्या फेऱ्या निघाल्या. मंडई, क्लासला मुलांना सोडणं, दवाखाना, बँक, गणपती मंदिर, विश्रामबागेत कुणाकडं तरी जाऊन येणं. या फेऱ्यांत गाडी दीड-दोन तासांत परत दारात. दुसरी जात म्हणजे कुपवाड एमआयडीसीतली शिफ्ट. जायला पंधरा-वीस मिनिटं, यायला तेवढीच आणि मधले आठ-नऊ तास गाडी कंपनीच्या शेडमध्ये. असा एक जरी माणूस गटात आला तर बाकीच्या पाच घरांना गाडी फक्त रविवारी दिसते. आम्ही त्या दादांना प्रेमानं सांगितलं, की तुम्ही सायकलींमध्ये या, स्कूटरमध्ये नको. ते आठ दिवस बोलले नाहीत. नंतर आले, आणि आज सायकल सगळ्यात जास्त तेच वापरतात: स्टँडपर्यंत सायकल, पुढं वडाप, म्हणजे सीटवर चालणारी जीप.

मोठ्या शहरांतल्या अ‍ॅपवाल्या गाड्यांनाही हेच दुखणं असतं. सकाळी सगळ्या गाड्या स्टेशनकडं आणि ऑफिसांकडं जमा होतात आणि वस्तीत एकही उरत नाही. मग कंपनीला त्या टेम्पोत घालून परत आणाव्या लागतात. आपल्याकडं टेम्पो नाही. म्हणून आमच्या गटाचा पहिला नियम, एका वेळी स्कूटर जास्तीत जास्त तीन तास.

घरं किती असावीत? एका स्कूटरला चार ते सहा. आठ झाली की भांडणं, तीन असली की खर्च अंगावर.

कुठली गाडी घ्यायची

स्कूटरमध्ये पहिला प्रश्न लायसन्सचा. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तिला मोटार वाहन धरत नाहीत. नोंदणी नाही, लायसन्सची सक्ती नाही. ऐकायला झकास वाटतं. पण डबलसीट बसून पुलाच्या चढावर ही गाडी रडते, आणि काही विक्रेते ‘स्पीड वाढवून देतो’ म्हणतात. वेग वाढवला की ती कायद्यानं विनानोंदणी मोटार वाहन ठरते. अपघात झाला तर ना विमा, ना कागद. अशी गाडी घ्यायचीच असेल तर मान्यतेचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि वेगाला हात लावू देऊ नका.

आम्ही नोंदणीची घेतली. एमएच १०, हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. पीयूसीची कटकट नाही. बॅटरी ३ किलोवॅट-अवरच्या, म्हणजे ३ युनिट विजेच्या आसपास. जाहिरातीतला आकडा विसरा. दोघं बसून, सांगली-मिरज रस्त्यावरच्या थांबत-थांबत चालण्यात आम्हाला ९० किलोमीटर मिळतात.

बॅटरी काढता येणारी की गाडीतच बसवलेली, हे पार्किंग बघून ठरवा. चेतक, आयक्यूब, एथर यांची बॅटरी गाडीतच असते, म्हणजे गाडीजवळ प्लग हवा. विडाच्या बॅटऱ्या काढून घरात नेता येतात. पण एक बॅटरी दहा-बारा किलोची, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ती रोज उचलायची असं ठरवणं म्हणजे त्यांना गटातून काढण्यासारखंच आहे.

बॅटरी एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाची सुधारित अट पाळणारी आहे ना, ते विचारा. २०२२ साली इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर हे नियम कडक झाले. त्यांचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३पासून लागू आहे. त्याआधीची जुनी गाडी स्वस्तात मिळाली तरी सामायिक वापरासाठी घेऊ नका. एकट्याची गाडी एकटा सांभाळतो. सहा जणांची गाडी कुणी कशी चार्ज केली, याचा तुम्हाला पत्ता नसतो.

सायकली घेताना मुलं गिअरच्या मागं लागतील. ऐकू नका. सामायिक सायकलीचा गिअर महिन्यात बिघडतो, कारण प्रत्येक जण तो वेगळ्या ताकदीनं ओढतो. विनागिअर, पोलादी फ्रेम, मधला दांडा खाली वाकलेला, म्हणजे साडी, सलवार, लुंगी सगळ्यांना चालेल आणि गुडघे धरलेल्या माणसालाही पाय उचलून टाकावा लागणार नाही. कॅरिअर, पुढं जाळी, घंटी, मागं लाल रिफ्लेक्टर. दोन्ही सायकली एकाच मॉडेलच्या घ्या, म्हणजे एकच ट्यूब, एकच ब्रेक-रबर घरात ठेवून भागतं.

आणि सीट. सामायिक सायकल न वापरण्याचं सगळ्यात मोठं कारण सीटची उंची असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पान्यानं सीट खाली-वर करायचा सगळ्यांना कंटाळा, मग उंच माणूस गुडघे हनुवटीला लावून चालवतो आणि चार दिवसांत सोडून देतो. सीटच्या दांड्याला हातानं उघडणारा क्लॅम्प बसवून घ्या. दांड्यावर नेलपेंटच्या रेघा मारा. आमच्याकडं लाल रेघ काकूंची, निळी माझी आणि सगळ्यात खालची सोनेरी आठवीतल्या मुलीची. क्लॅम्प उघडायचा, आपली रेघ काठाला आणायची, बंद. दहा सेकंद.

कागद कुणाच्या नावावर

हा भाग रुक्ष आहे, पण इथं आळस केलात तर पुढं महागात पडतं.

गाडी एका माणसाच्या नावावर घ्यावी लागते, आणि तिसऱ्याला इजा झाली तर दावा मालकावरही येतो. त्यामुळं मालक कोण हे ठरवताना मोठेपणा नको, तयारी हवी. आमच्यात निवृत्त बँकवाले सर झाले, कारण त्यांना कागद आवडतात. बाकी पाच घरांशी ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार केला आणि नोटरी करून घेतला: कुणी किती पैसे घातले, खर्च कसा वाटायचा, कुणी घर सोडून गेलं तर किती परत मिळणार, दंड आला तर कुणी भरायचा. दंड त्या वेळी वहीत ज्याचं नाव असेल त्यानंच भरायचा.

विम्याची पॉलिसी उघडून ‘वापराच्या मर्यादा’ हे कलम वाचा. वैध लायसन्स असलेला कुणीही मालकाच्या परवानगीनं गाडी चालवू शकतो, पण भाडं घेऊन गाडी दिली की खासगी पॉलिसीचं संरक्षण उडतं. म्हणून वहीत ‘भाडं’ हा शब्द कुठंच नको आणि बाहेरच्याला पैसे घेऊन गाडी अजिबात द्यायची नाही, पाव्हणा असला तरी. वाटून घ्यायचा तो फक्त झालेला खर्च. तुमची व्यवस्था चार ओळींत लिहून विमा कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. कुणाला हाच धंदा म्हणून करायचा असेल, तर तो रस्ता वेगळा आहे: रेंट अ मोटरसायकल स्कीम, १९९७, किमान पाच गाड्या, आरटीओचा परवाना.

पॉलिसीसोबतचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त मालक-चालकाला लागू असतो. बाकीचे उघडे. त्यांनी निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी घ्यावी. वर्षाला २० रुपये बँकेतून कापले जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. स्वतंत्र अपघात विमा घेतला तर उत्तमच.

लायसन्सच्या झेरॉक्स एका फायलीत. झेरॉक्स नाही तर किल्ली नाही, इथं नातं बघायचं नाही. बिनालायसन्स माणसाला गाडी दिली तर मालकाला ५,००० रुपये दंड होतो. मुलानं चालवली आणि ते अल्पवयीन निघालं, तर २५,००० रुपये दंड आणि मालकाला किंवा पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो की’ म्हणणारी पोरं प्रत्येक घरात असतात.

हेल्मेट सामायिक नाही. ज्याचं त्यानं घ्यायचं, आयएसआय खुणेचं. विनाहेल्मेटला १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित, हे कायद्यात आहे. पण खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या घामाचं हेल्मेट कुणी घालत नाही, म्हणून वेगळं.

चार्जिंगचा कोपरा

आम्ही पहिले दोन महिने पार्किंगमधल्या दिव्याच्या बोर्डावरून एक्स्टेंशन ओढून काम चालवलं. एके रात्री प्लॅस्टिकचा वास आला म्हणून खाली गेलो, तर एक्स्टेंशनच्या सॉकेटचं एक भोक वितळून लांबट झालेलं. चार्जर ठीक होता. पण दिव्या-पंख्यासाठीच्या बोर्डावर कित्येक तास सलग भार टाकला, तर तो टिकणार कसा?

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून नीट काम करून घेतलं. तुम्ही ते पहिल्या दिवशी करा. १६ अँपिअरचं सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बटण), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा) आणि तपासलेलं अर्थिंग. जागा जिन्याखाली नको. काही पेटलं तर वरच्या सगळ्यांची बाहेर पडायची वाट तीच असते. गॅस सिलिंडर, रद्दी, दिवाळीच्या उरलेल्या फटाक्यांची पेटी यांच्यापासून लांब, वर पत्रा, जमिनीपासून चार-पाच फूट उंच.

सब-मीटर लावाच. महावितरणचे घरगुती दर टप्प्यानं चढतात: १०० युनिट, मग ३००, मग ५००. ज्यांच्या मीटरवर गाडी लागते त्यांचं बिल गाडीमुळं वरच्या टप्प्यात जातं, आणि सरासरी दरानं पैसे दिले तर त्यांना दरमहा खोट येते. आमची गाडी महिन्याला साधारण ९०० किलोमीटर चालते. म्हणजे दहा पूर्ण चार्ज, वाया जाणारं धरून ३४ युनिट. ज्यांचं मीटर २९० वर थांबायचं, ते ३००ची रेघ ओलांडून गेलं. म्हणून आम्ही त्यांच्या वरच्या टप्प्याचा दर, आमच्या हिशोबात १५ रुपये युनिट, धरतो: ५१० रुपये. किलोमीटरला ५७ पैसे.

बॅटरीसाठी तीन सवयी लावा. लांबून आल्या-आल्या चार्जिंगला लावायची नाही, अर्धा तास थंड होऊ द्यायची. रोज १०० टक्क्यांपर्यंत भरायचा अट्टहास नको. आणि २० टक्क्यांच्या खाली गेली की चार्जिंगला लावणं हे आणून लावणाऱ्याचंच काम.

किल्ली, वही आणि पाळी

सामायिक विहिरीवर मोटरीची पाळी कशी असते ते ज्याच्या घरी शेती आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. वीज रात्री दोनला आली तरी पाळी ज्याची त्यालाच उठायचं. आम्ही तेच उचललं. सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात या दोन गर्दीच्या वेळांना वारानं पाळ्या लावल्या. बाकी वेळ जो आधी ग्रुपवर टाकेल त्याची. पाळी अदलाबदल करता येते, पण दोघांनीही ग्रुपवर लिहायचं. जिन्यात तोंडी ठरलेलं धरत नाही.

किल्ल्या नंबर-लॉकच्या छोट्या पेटीत, शेजारी खिळ्याला वही. रकाने इतकेच: नाव, घेतली, परत केली, किलोमीटर, बॅटरी टक्के, काही बिघाड. अ‍ॅप, एक्सेल शीट सगळं करून बघितलं. वहीला चार्जिंग लागत नाही, आणि काकूंना पासवर्ड आठवावा लागत नाही.

आता माझीच गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये रात्री अकराला मी गाडी आणली, ११ टक्के उरले होते. चार्जर जोडला, वहीत ‘चार्जिंगला लावली’ असं लिहिलं आणि झोपलो. पहाटे साडेपाचला बँकवाले सर आणि वहिनी खाली आले. त्यांना मिरजेहून पंढरपूरकडची गाडी पकडायची होती. स्कूटरवर ११ टक्केच. मी प्लग घातला होता, भिंतीवरचं बटण दाबलंच नव्हतं. रिक्षा शोधण्यात वेळ जाईल म्हणून सर तसेच निघाले. मिरजेत शिरल्यावर गाडी रांगू लागली, शेवटचा टप्पा ढकलत. प्लॅटफॉर्मवर पोहोचले तेव्हा गाडीचा मागचा डबा दिसला. संध्याकाळी मी माफी मागायला गेलो, तर सर म्हणाले, “पांडुरंग काय कुठं जात नाही हो. पण ते बटण तेवढं बघत जावा.”

तेव्हापासून वहीत लिहिलेलं चालत नाही. चार्जरचा पेटलेला दिवा आणि स्कूटरचा टक्क्यांचा आकडा, दोन्ही एका फोटोत, ग्रुपवर. फोटो नाही तर पुढची पाळी गेली. मीच मांडलेला नियम, त्यामुळं कुणी वाद घातला नाही.

परत केलेली गाडी पुढचा माणूस घेताना तपासतो. टायरवर अंगठा, दोन्ही ब्रेक, दिवा, घंटी. ओरखडा दिसला तर निघायच्या आधी फोटो. एकदा निघालात की ओरखडा तुमचा.

पैसे

आमचा हिशोब: स्कूटर रस्त्यावर येईपर्यंत १,१०,०००, दोन सायकली १६,०००, प्लगचं काम, सब-मीटर, कुलपं, पेटी मिळून ९,०००. एकूण १,३५,०००. सहा घरांत प्रत्येकी २२,५००. कुपवाडच्या दादांचा वाटा अर्थातच सायकलींपुरता आणि वेगळा.

दरमहा प्रत्येक घराकडून २०० रुपये, गाडी वापरा अगर न वापरा. शिवाय स्कूटरला किलोमीटरमागे १ रुपया; त्यातले ५७ पैसे विजेचे, उरलेले टायर आणि बॅटरीच्या गंगाजळीत. सायकल फुकट. ती फुकट ठेवा, म्हणजे जवळच्या कामाला हात आधी सायकलीकडं जातो. नवी बॅटरी गाडीच्या निम्म्या किमतीच्या आसपास जाते आणि वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते. वाढीव वॉरंटी मिळत असेल तर सामायिक गाडीला ती घ्यावीच.

कुणी बाहेर पडलं तर पहिल्या वर्षात भरलेल्या रकमेच्या ७५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ३०, पुढं काही नाही. ही टक्केवारी पहिल्याच दिवशी लिहा. घर विकून चाललेल्या शेजाऱ्याशी भाव करणं फार अवघड जातं.

दुरुस्ती, ऊस आणि पाणी

स्कूटरची सर्व्हिसिंग कंपनीच्या ठरल्या किलोमीटरला. सायकलींना महिन्यातून एकदा चेनला तेल, दर आठवड्याला हवा, आणि वर्षातून एकदा ज्याला आपल्याकडं सगळे ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात ते. खरा शब्द ओव्हरहॉलिंग, पण छरे काढून तेला-ग्रीसचंच काम असतं, तेव्हा आपलाच शब्द जास्त बरोबर म्हणायला हरकत नाही. एक पंक्चरवाला ठरवून टाका. त्याला प्रत्येकानं जागच्या जागी पैसे न देता महिन्याचा हिशोब गटानं द्यायचा, म्हणजे ‘पंक्चर माझ्या आधीच होतं’ हा वाद मिटतो.

दिवाळीपासून साखर कारखान्यांचा हंगाम. अंधारात उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा नाही, बाजूला हातभर बाहेर आलेला ऊस. इलेक्ट्रिक गाडीचा आवाज नसतो, म्हणून ट्रॅक्टरवाल्याला तुम्ही कळतच नाही. तो टेप लावून बसलेला असतो. हॉर्न दिल्याशिवाय आणि समोरचा रस्ता पूर्ण दिसल्याशिवाय ओलांडायचं नाही. रात्रीच्या सायकलीला नुसता रिफ्लेक्टर पुरत नाही, मागं लाल दिवा हवा.

आणि पाऊस. रस्त्यावरच्या साध्या पाण्याला स्कूटर घाबरत नाही, पण फूटबोर्डपर्यंत पाणी असेल तर घालायची नाही. बुडालेल्या गाडीला चार्जर लावायचा नाही, बटण दाबून ‘बघूया तरी’ करायचं नाही. सरळ सर्व्हिस सेंटर. ऑगस्ट २०१९चा पूर ज्यांनी बघितला त्यांना पार्किंग म्हणजे काय राहतं ते माहीत आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आम्ही स्वतःची रेघ ३५ फुटांवर मारली आहे. ३५ झाले की स्कूटर, त्या दिवशी पाळी कुणाचीही असो, भरल्या चार्जनं विश्रामबागेत सरांच्या मेहुण्यांच्या गच्चीखाली जाते आणि पाणी उतरेपर्यंत तिथंच राहते. चार्जर आणि वही तिसऱ्या मजल्यावर काकूंकडं. कोपऱ्यातला एमसीबी पाडायचा. सायकली मात्र ठेवायच्या, जिन्याच्या पहिल्या वळणावर. रस्त्यावर घोटाभर पाणी असताना दूध आणायला त्याच लागतात.